अकोल्याची तोंडी परीक्षा

२ ऑक्टोबर १९३६, वाशीम

आज सभेत मी नको तितक्या लवकर हो म्हणालो.

आमच्या कापूस विक्री संस्थेचे अध्यक्ष जगदेवराव यांनी मुंबईच्या एका विलायती कंपनीचे म्हणणे सभासदांपुढे ठेवले. कंपनी या हंगामात आमच्या गाठी सरळ विकत घ्यायला तयार आहे. मध्ये अडत्या नको, दलाल नको. अट एकच. संस्थेच्या वतीने जो माणूस व्यवहार करील, त्याने अकोल्याला कंपनीच्या साहेबापुढे इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यायची. मालाची माहिती सांगायची, तक्रारीला उत्तर द्यायचे, भावाची बोलणी करून दाखवायची. गेल्या साली दुसऱ्या एका संस्थेचा माणूस साहेबाच्या प्रत्येक बोलण्यावर नुसती मान हलवत राहिला. ती मान होकाराची की नकाराची हे साहेबाला शेवटपर्यंत कळले नाही आणि गाठी भलत्याच स्टेशनावर जाऊन पडल्या. ही हकीकत जगदेवरावांनी मान हलवून दाखवत सांगितली. सगळे हसले. हसून झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

संस्थेचा चिटणीस मी. नागपूरच्या कॉलेजात शिकून बी. ए. झालेला मी. दुसरे कोण?

माझा होकार ऐकताच आसेगावच्या सभासदांनी तिथेच ठरवून टाकले की, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत यंदा एकही गाठ बाजारात न्यायची नाही. सगळा माल संस्थेच्या गोदामात राहील. हे त्यांनी माझ्या भरवशावर ठरवले.

रुख्मिणीला घरी येऊन सगळे सांगितले. एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहितो. मी इंग्रजी वाचतो, लिहितो, लोकांचे अर्ज करून देतो. पण आयुष्यात कधी कोणाशी इंग्रजीत बोललेलो नाही. कॉलेजात प्रोफेसर बोलत, आम्ही उतरून घेत असू. माझे वय चव्वेचाळीस आहे.

६ ऑक्टोबर

रोज सकाळी गोदामात जाऊन मोठ्याने बोलायचे असा नेम धरला. गोदाम सध्या रिकामे आहे, ऐकायला कोणी नाही. आज तिसरी खेप. वाक्य मनात पूर्ण तयार असते, कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी. तोंड उघडले की आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी येतो आणि त्या आवाजाची मला लाज वाटते. रिकाम्या गोदामात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे मी स्वतःला विचारले.

घरी परसात बोलून पाहिले. रुख्मिणी तूर निवडत होती. तिने विचारले, "भिताडाशी बोलून राह्यले का माह्याशी? माह्याशी असन तं मराठीत बोला."

१३ ऑक्टोबर

बऱ्याच विचाराअंती कमलीबाईंकडे गेलो. त्या दवाखान्यात नर्स आहेत. संवत छप्पन्नच्या दुष्काळात लहानपणीच अनाथ झाल्या, मिशनच्या लोकांनी वाढवल्या, तेव्हापासून मडमांबरोबर रोज इंग्रजीतच त्यांचे काम. वाशिमात इतके सहज इंग्रजी बोलणारे दुसरे माणूस माझ्या पाहण्यात नाही. तरी पाय आठवडाभर अडला. एका ख्रिस्ती बाईच्या ओसरीवर मी रोज संध्याकाळी बसणार, लोक काय म्हणतील, हा विचार मनात आला हे खरे. तो आला याबद्दल वाईटही वाटले. पण वाईट वाटल्यामुळे तो गेला असे झाले नाही.

रुख्मिणीला विचारले. ती म्हणाली, आपल्या लेकीच्या, सुमनच्या बाळंतपणात ती बाई तीन रात्री आपल्या घरी जागली, तेव्हा लोक काही म्हणाले का? मग एका पिशवीत तुरीची डाळ भरून तिने माझ्या हातात दिली आणि पहिल्या दिवशी स्वतः बरोबर आली.

कमलीबाईंनी मला बोलायला सांगितले. मी पाठ केलेले एक वाक्य म्हटले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, तुमी तं पुस्तक बोलून राह्यले. मानूस कुठी हाय?"

२९ ऑक्टोबर

कमलीबाईंचे इंग्रजी सगळे दवाखान्याचे आहे. कुठे दुखते, कधीपासून दुखते, घाबरू नका, जीभ दाखवा. सरकी, ती काढणारा रेचा, गाठी यांतले त्यांना काही ठाऊक नाही. म्हणून त्या साहेब होतात आणि मी गाठीच्या तक्रारीची उत्तरे देतो, तेव्हा त्या गाठीला रोगी समजून प्रश्न विचारतात. ओल कधीपासून आहे? आधी असे कधी झाले होते काय? काल मी ओलसर गाठीबद्दल इतके मन लावून उत्तर दिले की दोघांनाही हसू आले. बोलताना हसू आले ही पहिलीच वेळ.

त्यांचा एकच नियम आहे आणि तो त्या रोज सांगतात. "चूक बोला, पन बोला. साहेबापुढं गप्प बसलं का त्याले वाटते, याच्या डोक्यात काईच नाई. तो गप्प बसला तरी तुमी गप्प बसू नोका. दुसरं वाक्य काढा, तिसरं काढा."

हे मी मनावर घेतले आहे. एक गोष्ट निरनिराळ्या चार प्रकारे कशी म्हणावी याचा अभ्यास आजपासून सुरू केला.

२२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. नवा कापूस येऊ लागला. जिनिंगचा भोंगा पहाटेपासून सुरू होतो. आमच्या सभासदांचा माल सरकी काढून, गाठी बांधून गोदामात येऊन पडतो आहे.

आज बाजारात गेलो होतो. गोजराबाई भेटल्या. आसेगावच्या, आमच्या सभासद. नवरा गेल्यापासून शेती स्वतः करतात, सभेत पुढे बसतात. त्या एका अडत्याशी बोलत होत्या. अडत्या म्हणत होता की संस्थेच्या नादी लागून माल सडवू नका, मी खंडीला दोनशे रुपयांच्या घरात जाईन. दोनशे हा आकडा तो अर्थात तोंडाने बोलला नाही, तो मला गोजराबाईंनी मागून सांगितला. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. त्याने खांद्यावरचे उपरणे काढून आपल्या आणि त्यांच्या हातावर टाकले, आणि आत बोटे दाबली. वर दोघे पीकपाण्याचे, आजारपणाचे, वाटेल ते बोलत असतात. त्या बोलण्याला किंमत नाही. बोटांनी बोटे धरली आणि सोडली नाहीत म्हणजे सौदा झाला, सोडली म्हणजे नाही झाला. गोजराबाईंनी हात झटकला आणि उपरणे खाली पडले. मला म्हणाल्या, "मारोतराव, तुमचा साहेब याच्याहून जास्त देईन ना?"

मी म्हणालो, देईल. हे मी कशावरून म्हणालो?

संध्याकाळी हा प्रकार कमलीबाईंना सांगितला. त्यांना नवल वाटले. म्हणाल्या, मग तुम्हाला भाव बोलायची सवयच नसेल. मी म्हणालो, म्हणूनच तर सराव करायचा.

९ डिसेंबर

कमलीबाई एका अडलेल्या बाळंतिणीसाठी आसेगावकडे गेल्या आहेत. दोन दिवस खाडा होणार म्हणून मी अस्वस्थ. रुख्मिणी म्हणाली, मी होते साहेब. तिला इंग्रजी येत नाही हे मी लक्षात आणून दिले. ती म्हणाली, एक शब्द येतो.

ती ज्वारीच्या पोत्यावर बसली. मी गाठींचा भाव सांगितला, संस्थेने ठरवलेला, खंडीला दोनशे दहा. ती म्हणाली, नो. मी दुसऱ्या वाक्यरचनेने भाव थोडा खाली आणला. ती म्हणाली, नो. मी तिसरी रचना काढली, ही जरा अवघड होती, पण जमली. नो. असे बराच वेळ चालले. शेवटी ती पोत्यावरून उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी एकच शब्द बोलली. तुमी तं अर्धं गोदाम देऊन टाकलं."

मी तिला समजावून सांगितले की ही भाषेची परीक्षा आहे, भावाची नाही. आकडे काहीही असोत, वाक्ये अडखळली नाहीत हे महत्त्वाचे. ती चूल पेटवायला गेली. तिच्याबरोबर केलेला सराव फारसा उपयोगी पडला असे म्हणता येणार नाही. मात्र चौथी रचना आता अगदी सहज येते.

२७ डिसेंबर

गोदाम भरत आले. बाजारातून जाताना अडत्यांचे टोमणे ऐकावे लागतात. एक म्हणाला, "काय मारोतराव, गाठीले इंग्रजी शिकवून राह्यले का?" निवडणुकीच्या मोटारी धूळ उडवत हिंडत आहेत, त्यातला एक उमेदवारही थांबून मला परीक्षेबद्दल विचारून गेला. सगळ्या तालुक्याला माहीत झाले आहे.

जगदेवराव आज म्हणाले की दोन सभासदांनी आपला माल परत मागितला होता, आपण त्यांना समजूत घालून परत पाठवले. अशी समजूत फार दिवस घालता येणार नाही. मी मागे हटणार नाही. हटायला आता जागाही नाही.

८ जानेवारी १९३७, अकोला

धर्मशाळेत बसून लिहितो आहे, कारण घरी पोचेपर्यंत थांबवत नाही. मी पास झालो.

सकाळच्या सर्व्हिस मोटारीने आलो. कंपनीच्या बंगल्यात तासभर बसवून ठेवले. साहेब पन्नाशीचा, तांबूस मिशांचा, आवाज हळू. पहिल्या भागात मालाची माहिती सांगितली. धाग्याची लांबी, रंग, पत्ती म्हणजे पालापाचोळा किती. मी बोलत गेलो. एकदा एक शब्द आठवेना, तर कमलीबाईंनी शिकवल्याप्रमाणे वळसा घालून पुढे गेलो. दुसऱ्या भागात त्याने ओलसर गाठीची तक्रार केली आणि मला हसू आवरावे लागले. त्याचे उत्तर मी इतके सविस्तर दिले की तो म्हणाला, पुरे.

मग भावाची बोलणी. साहेब म्हणाला, उदाहरण म्हणून तुमच्याच गोदामातल्या गाठी घेऊ. काय भाव? मी दोनशे दहा म्हणालो. तो काहीच बोलला नाही. पाइप भरू लागला. मी गप्प बसलो नाही. दुसरे वाक्य काढले, दोनशे पाच. तो खिडकीबाहेर पाहू लागला. तिसरे वाक्य, दोनशे. त्याने पाइप पेटवला. मग चौथी रचना, जिच्यात माझी विनंती, त्याची सोय आणि संस्थेची सदिच्छा एकाच वाक्यात येतात, ती एकही शब्द न चुकता म्हटली, एकशे पंच्याण्णव. तेव्हा तो वळला, हसला, "डन" म्हणाला आणि उठून त्याने माझा हात हातात घेतला. साहेबाने अभिनंदनासाठी स्वतः उठून हात द्यावा, हे मला अपेक्षित नव्हते.

पास झाल्याचा कागद त्याने तिथेच सही करून दिला. चारही रचना वापरता आल्या याचे समाधान शब्दांत सांगता येत नाही. हे समाधान गर्वाच्या जवळ जाते की काय, हे पाहिले पाहिजे.

९ जानेवारी, वाशीम

पेढे वाटले. कमलीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. गोजराबाई आसेगावहून निरोप पाठवतात की आता गाड्या केव्हा भरायच्या. रुख्मिणीने विचारले, साहेबाने भाव काय दिला? मी म्हणालो, तो पुढे ठरेल.

१२ जानेवारी

दुपारी कंपनीची तार आली. आठ तारखेला ठरल्याप्रमाणे गोदामातल्या सर्व गाठी एकशे पंच्याण्णव भावाने अकोल्याला पोचत्या कराव्यात.

आधी वाटले, कारकुनाची चूक असेल. मग साहेबाचा हात आठवला. तो अभिनंदनाचा नव्हता.

संध्याकाळी सभा बोलावली. मी उभा राहून सगळे जसे घडले तसे सांगितले, चार वाक्यांसकट. अडत्या दोनशे देत होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला हात झटकून ज्यांनी माल माझ्यावर सोपवला, ते समोर बसले होते. शेवटी गोजराबाई म्हणाल्या, "हातावर रुमाल होता का?"

मी म्हणालो, नव्हता.

"बोटं दाबली?"

नाही. नुसता हात हातात घेतला.

"मंग सौदा झाला कुठी?"

जगदेवरावांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, साहेबाच्या मुलखात तोंडानं म्हटलं का झालं. तिथं रुमाल नाई लागत." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मारोतराव, बोलले तुमी. आता निस्तारा बी तुमीच."

१३ जानेवारी

झोप नाही. रुख्मिणीने नेहमीसारखे वाढले.

मला हे नीट पाहिले पाहिजे. साहेबाने मला फसवले काय? त्याने भाव विचारला, मी सांगितला, त्याने मान्य केला. त्याच्या हिशेबाने तो सरळ वागला. मी त्याला फसवले काय? मी जे बोलत होतो ते मला सौदा वाटतच नव्हते. लहानपणापासून मी पाहिले आहे की भाव उपरण्याखाली ठरतो आणि वरचे बोलणे हवेत जाते. परीक्षेत मी ते हवेत जाणारे बोलणे करत होतो, आणि ते शक्य तितके सुंदर करत होतो. पण मी असे समजत होतो हे साहेबाला कळायचे कसे?

दिलेला शब्द फिरवणे मला जन्मात जमलेले नाही. आज तेच करायचे मनात येते आहे, तर ही पळवाट आहे काय, हे तपासले. शब्द माझ्या मालाबद्दल असता तर तोटा सोसून पाळला असता. गाठी माझ्या नाहीत. संस्थेने मला दोनशे दहा सांगितले होते, त्याखाली यायचा अधिकार दिला नव्हता. म्हणजे तो शब्द द्यायला माझ्याजवळ नव्हताच. हे खरे आहे. आणि हे मी आठ तारखेला साहेबाला सांगायला हवे होते, हेही खरे आहे. पहिले खरे आहे म्हणून जायचे, दुसरे खरे आहे म्हणून स्वतः जायचे. तार किंवा पत्र पाठवायचे नाही.

संक्रांत उद्या आहे. परवा पहाटेची मोटार.

१५ जानेवारी, अकोला

भेट ठरवलेली नव्हती. कारकून आत सोडीना. मी त्याला सांगितले की साहेब बाहेर येईपर्यंत मी पायरीवर बसेन, आणि बसलो. उन्हे चढली तेव्हा साहेबानेच बोलावले.

वाटेत मोटारीत मी बोलायची वाक्ये तयार केली होती. त्यातले एकही तोंडातून आले नाही. मी म्हणालो, ती परीक्षा होती, विक्री नव्हती. साहेब म्हणाला, मी भाव विचारला, तुम्ही दिला. मी म्हणालो, भाव माझा नाही, आसेगावच्या लोकांचा आहे, मला त्यांनी दोनशे दहा सांगितले होते. तो म्हणाला, मग खाली कशाला आलात? मी म्हणालो, तुम्ही गप्प होता म्हणून. तो चिडला. भरभर बोलू लागला. त्यांच्या व्यापारात तोंडच्या शब्दावर जहाजे भरून माल जातो, मागे फिरणाऱ्या माणसाशी कोणी व्यवहार करत नाही, आणि तुमच्या बाजारात नियम तरी काय आहे. मी त्याचे बोलणे दोनदा मध्येच तोडले. ही असभ्यता झाली, तिची नोंद करतो. आमचा नियम मी त्याला सांगितला. उपरणे कसे टाकतात, बोटे कशी धरतात, कोणते बोलणे खरे आणि कोणते नुसते सोबतीला. त्याचे हसू पाहून मी म्हणालो, हसू नका, त्या उपरण्याखाली दिलेला शब्द मोडलेला मी आजवर पाहिला नाही. तुमचा नियम मला माहीत नव्हता, ही चूक माझी. त्या चुकीची शिक्षा मला करा, त्यांना नको.

त्याने कारकुनाला बोलावले आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारले, आठ तारखेला आला होता तो हाच माणूस काय? माझ्या खरेपणाबद्दल त्याला इतका संशय यावा याचे वाईट वाटले.

शेवटी तो म्हणाला, सौदा मी रद्द समजतो. पण ज्याचा शब्द शेवटचा नाही अशा माणसाला माझी कंपनी प्रतिनिधी मानणार नाही. तो कागद परत द्या. मी खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो परत द्यावा लागेल असे वाटलेच होते, म्हणून बरोबर नेला होता.

गाठी सुटल्या. परीक्षा गेली. तीन महिन्यांत जे शिकलो त्यातले आज काहीच उपयोगी पडले नाही. एकही धड रचना आठवली नाही, कमलीबाईंना काय सांगू?

१७ जानेवारी, वाशीम

सभेत सांगितले. मी चिटणीसपद सोडतो असेही म्हणालो. जगदेवराव म्हणाले, ते हंगामानंतर सोडा. आता माल विकायचा आहे आणि अडत्या एकशे नव्वदवर आला आहे, त्याला तारेची बातमी लागली.

अकोल्याच्या बाजारात एक जपानी खरेदीदार हिंडतो, असे मी तिथे ऐकले होते. तो परीक्षा वगैरे घेत नाही. माल पाहतो आणि बोलतो. त्याच्याकडे जाऊन पाहावे असे मी सुचवले. पण एकटा जाणार नाही. भाव बोलण्याचा अधिकार असलेले कोणीतरी सभासदांपैकी बरोबर पाहिजे, मी फक्त बोलणे पोचवीन. कोण येते?

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. साहेबाच्या बंगल्यात जायचे, तिथे बसायचे कुठे, चप्पल काढायची की नाही, अशी कुजबूज चालली. गोजराबाई म्हणाल्या, "मी येते. माही कपाशी कोनाच्या घरी चालली, ते मले पाहू तं द्या."

कमलीबाईंकडे जाऊन आलो. रचना विसरलो हे सांगितले. साहेब काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळे त्यांनी दोनदा विचारून घेतले, इंग्रजीत. मग म्हणाल्या, "आता उद्यापासून येऊ नोका, दादा." रागावल्या असाव्यात असे वाटले, पण पेढ्याचा डबा त्यांनी रुख्मिणीसाठी तिळाच्या लाडवांनी भरून परत केला.

२२ जानेवारी

नमुन्याची रुई फडक्यात बांधून गोजराबाई पहाटे मोटारीच्या अड्ड्यावर हजर होत्या. अकोल्यापर्यंत त्यांनी मला इंग्रजीबद्दल एक अक्षर विचारले नाही. वजन, पत्ती आणि गेल्या सालच्या ओलीबद्दल विचारत राहिल्या.

जपानी खरेदीदार तिशीचा असेल. ओसरीवर सतरंजी टाकून कारकुनांबरोबर रुई पाहत बसला होता. आम्हाला पाहून उठला, कमरेतून वाकला. गोजराबाईंनी पदर सारखा करून नमस्कार केला आणि सतरंजीवर बसल्या. त्याचे इंग्रजी माझ्यासारखेच शिकून मिळवलेले. तो शब्द शोधत थांबे, मी थांबे. कोणालाच घाई नव्हती.

त्याने रुई चिमटीत धरून ओढली, उजेडात पाहिली, परत ओढली. गोजराबाई म्हणाल्या, "त्याले इचारा, काटा कोनाचा? त्याचा का आपला?" मी विचारले. तो विचार करून म्हणाला, काटा तुमचा, डोळे माझे. मी सांगितले. त्यांना ते पटले. ओल म्हणून वजनातून किती कापता? पैसे माल अकोल्याला पोचल्यावर की मुंबईला पोचल्यावर? गाठींवरचे बारदान कोणाचे? एकेक प्रश्न त्या विचारत गेल्या, तसा मी इंग्रजीत पोचवत गेलो. पुढेपुढे त्यांनी माझ्याकडे पाहायचे सोडले. त्या त्याच्याकडे पाहून वऱ्हाडीत बोलत आणि तो त्यांच्याकडे पाहून इंग्रजीत बोले.

भाव त्यांनी दोनशे दहा सांगितला. त्याने दोनशे दोन म्हटले. गोजराबाई रुईच्या पुंजक्याकडे पाहत राहिल्या. तोही पाहत राहिला. कारकुनाने चहा आणून ठेवला. मी काही बोललो नाही, माझी पाळी नव्हती. कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "त्याले सांगा, एवढी सफेद रुई त्यानं यंदा पाह्यली असन तं दोनशे दोनात घेऊन जाय. नसन पाह्यली, तं दोनशे सात."

हे मी जसेच्या तसे सांगितले. मध्येच तो हसू लागला, तरी मी वाक्य पुरे केले. तो म्हणाला, पाहिली नाही. दोनशे सहा. गोजराबाईंनी मान हलवली. मी त्याला सांगितले की ही मान होकाराची आहे, पण नुसत्या मानेवर जाऊ नका, बाईंना मी विचारतो. त्यांना विचारले, हो ना? त्या म्हणाल्या, हो. मग त्याला म्हणालो, हो. आणि हा हो तोंडचा असला तरी सौदाच आहे, हे दोघांनाही दोन्ही भाषांत समजावून सांगितले.

परतीच्या मोटारीत गर्दी होती. रिसोडकडचे काही लोक संस्थेची हकीकत ऐकून होते. त्यातल्या एकाने मला न विचारता गोजराबाईंना विचारले की मास्तरांनी साहेबाला इंग्रजीत कसे काय पटवले. मी मास्तर नाही, पण दुरुस्त केले नाही.

गोजराबाई म्हणाल्या, "साहेबाशी मी बोलली. मारोतरावानं इकडचं तिकडं नेलं. पन वाटंत काई सांडलं नाई."

त्यांचे म्हणणे अचूक आहे, म्हणून शब्दशः उतरून ठेवले. गाड्या उद्या पहाटे भरायच्या आहेत.